पैजेचे गणित आणि उपजीविका

महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात एक प्रसंग आहे. अयोध्येचा राजा ऋतुपर्ण विदर्भाच्या राजधानीकडे त्वरेने निघाला आहे आणि बाहुक हे नाव धारण केलेला नल त्याचा रथ हाकीत आहे. वाटेत बेहड्याचा एक वृक्ष लागतो. ऋतुपर्ण रथात बसल्या बसल्या त्या वृक्षाच्या पानांची व फळांची संख्या सांगतो. नलाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवितो, फळे मोजतो, आणि संख्या बरोबर निघते. ज्याला अक्षांचे म्हणजे फाशांचे मर्म कळले आहे त्याला गणनाही साधते, असे ऋतुपर्ण त्यास सांगतो. आणि अक्षविद्येच्या मोबदल्यात अश्वविद्या असा दोघांचा व्यवहार ठरतो. प्राचीन काळी द्यूतात बेहड्याचीच फळे वापरीत असत हे लक्षात घेतले म्हणजे कथेतील वृक्षाची निवड सहेतुक वाटू लागते.

द्यूत, गणना आणि अश्व ही त्रयी पुढे विसाव्या शतकात हाँगकाँगच्या शर्यतींच्या मैदानावर पुन्हा एकत्र आली. तिकडे वळण्यापूर्वी एका प्रश्नाचा विचार केला पाहिजे. खेळांच्या निकालावर नियमबद्ध रीतीने पैजा लावून एखाद्या माणसाला वर्षानुवर्षे उपजीविका करता येईल काय? नीतिशास्त्र आणि कायदा यांना या प्रश्नाविषयी जे म्हणावयाचे आहे ते सर्वश्रुत आहे. गणिताचे म्हणणे मात्र सहसा कोणी ऐकून घेत नाही. गणित ही गोष्ट अशक्य आहे असे म्हणत नाही. ते काही अटी घालते, आणि त्या अटी वरवर दिसतात त्यापेक्षा पुष्कळच कठीण आहेत.

भाव आणि संभाव्यता

संभाव्यतेचे शास्त्र जुगाराच्या पटावरच जन्मास आले. सोळाव्या शतकात इटालियन वैद्य व गणिती कार्दानो याने फाशांच्या खेळावर एक ग्रंथ लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. १६५४ साली पास्काल व फेर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी, अर्ध्यावर सोडलेल्या खेळातील पण कसा वाटून घ्यावा या प्रश्नावर पत्रव्यवहार केला. १६५७ मध्ये हायगेन्सने त्या विचारांना पुस्तकाचे रूप दिले, आणि १७१३ मध्ये याकोब बेर्नुली याचा मोठ्या संख्यांचा नियम छापून बाहेर आला. प्रयोगांची संख्या वाढत गेली की घटनेचे प्रत्यक्ष प्रमाण तिच्या संभाव्यतेच्या जवळ येत जाते, असा त्या नियमाचा आशय आहे.

फासा आणि शर्यत यांत एक मूलभूत भेद आहे. फाशाच्या प्रत्येक बाजूची संभाव्यता एक षष्ठांश आहे हे सर्वांना सारखेच ठाऊक असते. घोड्याची किंवा खेळाडूची संभाव्यता कोणालाच निश्चितपणे ठाऊक नसते. प्रत्येकाजवळ केवळ अंदाज असतो. बुकीने जाहीर केलेला भाव हाही एक अंदाजच होय, फक्त त्यात बुकीचा नफा मिसळलेला असतो.

एक उदाहरण घेऊ. टेनिसचे दोन तुल्यबल खेळाडू आहेत आणि बुकी दोघांवरही एका रुपयास १ रुपया ९० पैसे असा भाव देतो. म्हणजे पैज जिंकली तर मूळ रुपयासह १ रुपया ९० पैसे हाती येतात, हरली तर रुपया गेला. दोघांची संधी समान असल्याने रुपयामागे सरासरी ९५ पैसे परत येतात. उरलेले ५ पैसे हा पैज लावण्याचा दर होय. वाण्याच्या दुकानात तराजू थोडा खाली धरण्यासारखाच हा प्रकार आहे, इतकेच की येथे तो सर्वांच्या डोळ्यांदेखत चालतो. या भावाने नुसते बरोबरीत राहावयाचे असेल तरी शंभरांतून ५२.६ वेळा अंदाज खरा ठरला पाहिजे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कोण जिंकणार हे ओळखणे म्हणजे पैजेचे कौशल्य नव्हे. दहांतून आठ वेळा जिंकणाऱ्या घोड्यावर रुपयास १ रुपया २० पैसे भाव मिळत असेल, तर त्या पैजेत रुपयामागे ४ पैसे तोटा आहे. आणि दहांतून एकदाच जिंकणाऱ्या घोड्यावर १२ रुपये मिळत असतील तर त्यात २० पैसे लाभ आहे. उत्तम घोडा आणि उत्तम भाव या भिन्न वस्तू आहेत. सामान्य पैजदार पहिलीचा शोध घेतो. गणिताने चालणारा दुसरीचा. लोकांच्या या सवयीत काही नियमितपणाही आढळतो. अमेरिकेतील शर्यतींच्या आकड्यांवरून ग्रिफिथ या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये असे दाखविले की ज्यांच्या विजयाची आशा अगदी अल्प आहे अशा घोड्यांवर लोक प्रमाणाबाहेर पैसा लावतात, आणि ज्यांना पसंती आहे अशा घोड्यांवर प्रमाणापेक्षा कमी. थोड्या पैशांत मोठा लाभ ही कल्पना मनुष्याला तिच्या खऱ्या किमतीपेक्षा अधिक गोड लागते.

दैव किती, कौशल्य किती

आता असा एक पैजदार कल्पावा की ज्याचा अंदाज वरील १ रुपया ९० पैशांच्या भावाने शंभरांतून ५५ वेळा खरा ठरतो. हे कौशल्य लहान नव्हे. त्याला रुपयामागे सरासरी साडेचार पैसे लाभ आहे. तो वर्षाला ५०० पैजा लावतो आणि प्रत्येक पैज १०० रुपयांची आहे असे धरले, तर वर्षाची उलाढाल ५०,००० रुपये व अपेक्षित लाभ २,२५० रुपये होईल.

अपेक्षित लाभ म्हणजे खात्रीचा लाभ नव्हे. पाचशे पैजांच्या एकूण निकालात दैवाने होणारा चढउतार मोजण्याचे जे माप आहे, ज्याला सांख्यिकीत प्रमाण विचलन म्हणतात, ते या उदाहरणात सुमारे २,११० रुपये येते. म्हणजे चढउतार जवळजवळ लाभाएवढाच आहे. हिशेब केला असता असे दिसते की हा खरोखरीचा कुशल मनुष्य साधारणतः सात वर्षांतून एका वर्षी तोट्यात जाईल. त्याची चूक काही नसेल. त्या वर्षाचे दान उलटे पडले इतकेच.

याची दुसरी बाजू अधिक विचार करण्याजोगी आहे. ज्याला काहीही कळत नाही, जो नाणे उडवून पैज लावतो, त्याचा अपेक्षित तोटा वर्षाला २,५०० रुपये आहे. तरीही आठांतून सुमारे एक असा मनुष्य वर्षाच्या शेवटी लाभात असतो. असे एक हजार लोक असतील तर पहिल्या वर्षी त्यांपैकी सुमारे १२० जणांना आपणास विद्या प्राप्त झाल्याचा साक्षात्कार होईल. त्यांतील चौदा-पंधरा जण दुसऱ्या वर्षीही लाभात राहतील, आणि एक-दोन जण सलग तिसऱ्या वर्षीही. लोकांच्या कानांवर येते ती या एक-दोघांचीच कीर्ती. उरलेले ९९८ आपली कथा सांगत बसत नाहीत. ज्यांनी तीन वर्षे पैसा मिळविला ते खोटे बोलत नसतात. पण त्यांच्या सत्यकथनाने काहीही सिद्ध होत नाही.

कुशल व अकुशल यांचा भेद आकड्यांत उघड व्हावयास वेळ लागतो. २,००० पैजांनंतर, म्हणजे वरील गतीने चार वर्षांनंतर, कुशल मनुष्य एकूण तोट्यात असण्याचा संभव दोन टक्क्यांहून कमी होतो, आणि अकुशल मनुष्य एकूण लाभात असण्याचा संभव एका टक्क्याहून कमी. तेव्हा कोठे वहीला पुराव्याचे मोल येते. तोवर घरखर्च कोणी चालवावयाचा, हा प्रश्न गणिताच्या कक्षेबाहेरचा असला तरी गणित करणाऱ्याला तो सुटत नाही.

परीक्षेचा एक लवकरचा मार्ग अनुभवी लोक वापरतात. पैज लावली त्या वेळचा भाव आणि खेळ सुरू होण्याच्या क्षणीचा अखेरचा भाव हे दोन्ही वहीत मांडून ठेवावयाचे. अखेरच्या भावात त्या खेळासंबंधी उपलब्ध असलेली बहुतेक माहिती उतरलेली असते. ज्याला सकाळी २ रुपये भाव मिळाला आणि अखेरचा भाव १ रुपया ८० पैशांवर आला, त्याने काहीतरी इतरांच्या आधी ओळखले होते. मग त्या दिवशी पैज हरली असली तरी हरकत नाही. असे वारंवार घडत असेल तर कौशल्याचा संशय घेण्यास जागा आहे. अखेरचा भाव नेहमीच मिळालेल्या भावाएवढा किंवा त्याहून चढा राहत असेल, तर वहीतील लाभ दैवाचा समजावा.

पण केवढा असावा

अंदाज खरा असणे ही पहिली अट. दुसरी अट पणाच्या आकाराची आहे, आणि कुशल माणसेही बहुधा येथेच बुडतात.

हरल्यावर पण दुप्पट करावा म्हणजे एक ना एक दिवस सर्व वसूल होते, ही युक्ती फार जुनी आहे. वरील भावाने ती वसूलही करीत नाही. १००, २००, ४०० व ८०० रुपयांच्या चार पैजा ओळीने हरल्यावर १,५०० रुपये गेलेले असतात; पाचवी पैज १,६०० रुपयांची लावून जिंकली तरी १,४४० रुपयेच मिळतात, आणि जिंकूनही ६० रुपयांची खोट उरते. या युक्तीविषयी याहून अधिक लिहिण्याचे कारण नाही.

खरा प्रश्न असा की भांडवलाचा कितवा भाग एका पैजेस लावावा? १७३८ मध्ये डॅनिएल बेर्नुली याने असा विचार मांडला की रुपयाची किंमत तो ज्याच्या खिशात आहे त्याच्या संपत्तीवर अवलंबून असते. दरिद्री माणसाचा एक रुपया आणि श्रीमंताचा एक रुपया ही समान राशी नव्हे. संपत्तीचे माप म्हणून त्याने लघुगणक सुचविला. पुढे दोन शतकांनी, १९५६ मध्ये, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील जॉन केली या शास्त्रज्ञाने अगदी वेगळ्या वाटेने तोच लघुगणक गाठला. टेलिफोनच्या तारेतून गोंगाटासह येणाऱ्या माहितीचे मूल्य कसे मोजावे, हा त्याचा विषय होता. शॅननने १९४८ मध्ये मांडलेल्या माहिती-सिद्धांताला त्याने पैजदाराचा दृष्टांत दिला. एका माणसाला तारेवरून निकाल आधीच कळतो, पण तार सदोष असल्याने कधी कधी चुकीचा कळतो. त्याने किती पैसा लावावा म्हणजे त्याचे भांडवल दीर्घकाळात सर्वांत वेगाने वाढेल? उत्तर सुटसुटीत आहे: पैजेतील अपेक्षित लाभास जिंकल्यावर मिळणाऱ्या निव्वळ लाभाने भागावे. वरील उदाहरणात साडेचार पैशांना ९० पैशांनी भागले की एक विसांश, म्हणजे भांडवलाचा ५ टक्के भाग येतो.

तार निर्दोष असेल, म्हणजे निकाल पूर्णपणे निश्चित असेल, तर हेच सूत्र सर्व भांडवल लावण्यास सांगते. नलाने अक्षविद्या मिळाल्यावर पुष्कराशी पुन्हा द्यूत मांडले आणि सर्वस्व एकाच डावावर लावून राज्य परत मिळविले. केलीच्या सूत्रात ते बसते. परंतु नलाला मर्म ज्ञात होते. इतरांना केवळ अंदाज असतो.

एक लाख रुपयांचे भांडवल, वर्षाला ५०० पैजा आणि ५५ टक्के यश, असे धरून पणाचे निरनिराळे आकार तपासून पाहिले म्हणजे सूत्राचा अर्थ स्पष्ट होतो. दर वेळी भांडवलाच्या ५ टक्के पण लावला, आणि नेमक्या ५५ टक्के पैजा जिंकल्या, तर वर्षाअखेर सुमारे १ लाख ७५ हजार रुपये होतात. अडीच टक्के लावला तर १ लाख ५२ हजारांच्या वर. दहा टक्के लावला तर लाखाचे लाखच राहतात. वर्षभराचे सर्व कौशल्य व्यर्थ जाते. आणि २० टक्के लावला तर लाखाचे हजार रुपयेसुद्धा उरत नाहीत. चारही वेळी कौशल्य तेच, भाव तोच, जिंकलेल्या पैजांची संख्याही तीच. पणाच्या आकाराने एकाचे भांडवल पावणेदोनपट झाले आणि दुसरा धुळीस मिळाला. भांडवल निम्मे झाल्यावर ते पूर्ववत होण्यास दुप्पट व्हावे लागते, या साध्या विषमतेचा हा परिणाम होय.

सूत्राप्रमाणे पूर्ण पण लावणाऱ्यालाही शांत झोप लागेल असे नाही. त्याचे भांडवल केव्हा ना केव्हा आरंभीच्या निम्म्यावर येण्याचा संभव दोहोंत एक इतका असतो. सूत्राच्या निम्मा पण लावला तर हा संभव आठांत एक होतो, आणि वाढीचा वेग मात्र तीन चतुर्थांश शिल्लक राहतो. व्यवहारात जाणते लोक निम्मा किंवा त्याहूनही लहान पण पसंत करतात ते यासाठी. आणखीही एक कारण आहे. समजा, पैजदाराला आपले यश ५५ टक्के वाटते, पण वस्तुतः ते ५३ टक्केच आहे. तो अजूनही बुकीपेक्षा सरस आहे. त्याच्या प्रत्येक पैजेत किंचित लाभ आहे. तरीही ५ टक्क्यांचा पण लावीत राहिल्यास वर्षाअखेर त्याच्या लाखाचे ६८ हजारांच्या आसपास उरतील. अंदाजातील दोन टक्क्यांचा आत्मविश्वास एवढा महाग पडतो.

हाँगकाँगचा प्रयोग

हा सर्व विचार कागदावर राहिला नाही. गणिताचे प्राध्यापक एडवर्ड थॉर्प यांनी १९६२ मध्ये पत्त्यांच्या ब्लॅकजॅक या खेळात खेळलेली पाने लक्षात ठेवून जुगारगृहावर मात कशी करता येते, हे पुस्तकरूपाने दाखविले, आणि पणाच्या आकारासाठी केलीचे सूत्र वापरले. ते पुस्तक वाचून त्या मार्गाला लागलेल्यांत विल्यम बेंटर हा अमेरिकन तरुण होता. जुगारगृहांनी त्याला प्रवेश बंद केल्यावर तो ॲलन वुड्स या ऑस्ट्रेलियन सहकाऱ्यासह १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास हाँगकाँगला गेला.

स्थळाची निवड विचारपूर्वक होती. त्या काळी हाँगकाँगच्या शर्यती हॅपी व्हॅली आणि १९७८ मध्ये सुरू झालेले शा टिन अशा दोनच मैदानांवर होत. घोडे सुमारे एक हजार, आणि तेच ते घोडे परस्परांशी पुनःपुन्हा धावत. प्रत्येक शर्यतीची तपशीलवार नोंद उपलब्ध असे. लोक पैजाही प्रचंड प्रमाणात लावीत. शास्त्रज्ञाला प्रयोगशाळेत जसे बंदिस्त पात्र लागते तसे हे होते.

तेथे बुकी नव्हता, टोट होती. टोटच्या पद्धतीत सर्वांचा पैसा एका राशीत जमा होतो, त्यातून संचालक संस्था आपला ठरलेला भाग काढून घेते, आणि उरलेली रक्कम जिंकलेल्या घोड्यावर पैसा लावणाऱ्यांत त्यांच्या पणांच्या प्रमाणात वाटली जाते. ही पद्धत एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर याने सुरू केली, आणि तिचा हिशेब आपोआप करणारे जॉर्ज ज्यूलियस याचे यंत्र १९१३ मध्ये न्यूझीलंडात ऑकलंड येथे प्रथम बसले. हाँगकाँगमध्ये संस्थेचा भाग राशीच्या सहाव्या हिश्श्याहून थोडा अधिक असे. म्हणजे सामान्य पैजदाराला रुपयामागे सतरा-अठरा पैशांचा तोटा पत्करूनच आरंभ करावा लागे. टेनिसच्या उदाहरणातील पाच पैशांशी याची तुलना केली म्हणजे बेंटरपुढील चढ किती उभा होता ते कळते.

प्रारंभी या मंडळींना तोटाच आला. पुढे दोघे सहकारी विभक्त झाले. बेंटरने आपली पद्धती १९९४ मध्ये एका शास्त्रीय निबंधात वर्णिली असून पाच वर्षांच्या प्रत्यक्ष वापरात तिने लक्षणीय लाभ दिल्याचे त्यात नमूद केले आहे. घोड्याची मागील कामगिरी, त्याच्यावरील वजन, सुटण्याची जागा, मागच्या शर्यतीस लोटलेले दिवस अशा अनेक गोष्टींना संगणकाच्या साहाय्याने योग्य ते वजन देऊन प्रत्येक घोड्याची संभाव्यता काढावयाची, हे पद्धतीचे पहिले अंग. दुसरे अंग अधिक मार्मिक आहे. केवळ आपल्या आकड्यांवर विसंबून पैजा लावल्या तर अपेक्षित लाभ प्रत्यक्षात येत नाही, असे त्याला आढळले. आपला अंदाज आणि लोकांचा भाव यांत जेथे अंतर असे तेथे सत्य बहुधा दोहोंच्या मध्ये कोठेतरी सापडे. याचे कारण सूक्ष्म असले तरी समजण्याजोगे आहे. पैजदार जेथे आपला अंदाज भावापेक्षा चढा आहे तेथेच पैज लावतो. म्हणून ज्या ठिकाणी त्याचा अंदाज चुकून चढा झाला आहे, नेमक्या त्याच ठिकाणांची निवड अधिक होते. शिवाय पागेतील माणसांना, घोडा सकाळी फिरविणाऱ्यांना जे ठाऊक असते ते संगणकाला ठाऊक नसते. पण त्यांच्या पैशांच्या द्वारे ते भावात उतरलेले असते. बेंटरने लोकांचा भाव हाच आपल्या गणितातील एक घटक केला. स्वतःच्या मताला इतरांच्या मताची अशी मुरड घालणे विद्वानांनाही सहसा जमत नाही, मग जुगाऱ्यांची गोष्ट दूरच.

टोटमध्ये आणखी एक बंधन असते. राशीत स्वतःचा पैसा पडताच भाव उतरतो. समजा, एका शर्यतीची राशी १० लाख रुपयांची आहे, संस्थेचा भाग साडेसतरा टक्के आहे आणि एका घोड्यावर १ लाख रुपये लागलेले आहेत. रुपयास सव्वाआठ रुपये भाव पडतो. त्या घोड्याची खरी संधी सातांत एक असेल तर रुपयामागे जवळजवळ १८ पैसे लाभ दिसतो. या घोड्यावर ५,००० रुपये लावले तर अपेक्षित लाभ सुमारे ६४० रुपये येतो. दहा हजार लावले तर सुमारे ८२० रुपये. वीस हजार लावले तर भाव सात रुपयांच्या किंचितच वर राहतो, आणि लाभ ३६ रुपयांवर येतो. अधिक लोभाने अधिक मिळत नाही, एवढेच नव्हे, तर तीच चूक दुसऱ्या कोणाच्या ध्यानात आली आणि त्यानेही पैसा लावला, तर दोघांनाही काही उरत नाही. म्हणूनच अशा धंद्यात यशस्वी पद्धती गुप्त ठेवली जाते, आणि जी उघडपणे विकली जाते तिच्यात विकण्याखेरीज दुसरा लाभ सहसा नसतो.

बुकीकडे हे बंधन वेगळ्या रूपाने येते. भाव ठरलेला असतो, पण जो सातत्याने जिंकतो त्याच्याकडून मोठा पण स्वीकारण्यास बुकी नकार देऊ लागतात. इंग्लंडमध्ये पैजेची दुकाने १९६१ पासून कायदेशीर आहेत. तेथेही हाच अनुभव येतो. हरणाऱ्याला दार उघडे असते. २००० सालानंतर पैजदारांनी परस्परांशीच भाव ठरविण्याचे बाजार निघाले, त्यामुळे हा अडथळा काही अंशी दूर झाला; परंतु तेथे समोर बसलेला मनुष्यही बेंटरच्याच जातीचा असण्याचा संभव वाढला.

महिन्याचा खर्च

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. एका कुटुंबाचा खर्च महिना ४०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार रुपये आहे असे धरू. रुपयामागे साडेचार पैसे मिळविणाऱ्या त्या कुशल पैजदाराला एवढ्या लाभासाठी वर्षात १ कोटी ६ लाख ६७ हजार रुपयांच्या पैजा लावाव्या लागतील. पैजा ५०० असतील तर प्रत्येक सुमारे २१,३०० रुपयांची. केलीच्या निम्म्या प्रमाणाने, म्हणजे अडीच टक्क्यांनी, यासाठी साडेआठ लाखांचे भांडवल हवे.

साडेआठ लाख ही रक्कम फार मोठी नाही असे वाटण्याचा संभव आहे. पण भांडवलाच्या वाढीचे सगळे गणित, लाभ भांडवलातच राहतो या गृहीतावर उभे आहे. घर चालविणाऱ्याला तो दर महिन्यास काढून घ्यावा लागतो. पूर्वी दाखविल्याप्रमाणे सात वर्षांतून एखादे वर्ष तोट्याचे असणारच. त्या वर्षी भांडवलातून पैजांचा तोटा जाईल आणि ४ लाख ८० हजारांचा घरखर्चही जाईल; भांडवल निम्म्याच्याही खाली येईल. तेव्हा गणित सांगते की पण निम्म्याहून लहान करा. पण लहान केला की लाभ निम्म्याहून कमी होतो, आणि मुलांची फी, घरभाडे, किराणा हे काही निम्मे होत नाहीत. या कोंडीतून सुटण्यासाठी पण वाढविण्याचा मोह होतो, आणि दहा व वीस टक्क्यांच्या पणांचे काय होते ते वर आलेच आहे. शिस्त मोडते ती बहुधा अशी. व्यसनामुळेच मोडते असे नाही. व्यसन ही तर निराळीच आपत्ती. जुगाराचे अनावर व्यसन हा मानसिक विकार म्हणून वैद्यकशास्त्राने मान्य केला असून, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या वर्गीकरणात त्याला मद्य व मादक द्रव्यांच्या व्यसनांच्या पंक्तीस बसविले आहे.

ही उपजीविका सुरक्षित व्हावयाची तर भांडवल सांगितल्याच्या कितीतरी पट हवे, किंवा घरखर्चाचे दुसरे साधन हवे. ज्याच्यापाशी ही दोन्ही आहेत त्याला या उपजीविकेची गरज राहत नाही. शिवाय तो कुशल मनुष्य जे मिळवितो ते नव्याने निर्माण झालेले नसते. टोटच्या राशीतून शंभर रुपयांतील सतरा-अठरा आधीच गेलेले असतात. त्यानंतर एकाला दहा रुपये लाभ होण्यासाठी इतरांना तेवढे अधिक हरावे लागते. शेतकऱ्याची संख्या वाढली म्हणून धान्य घटत नाही. कुशल पैजदारांची संख्या वाढली तर प्रत्येकाचा वाटा घटत जातो, आणि अखेर नाहीसा होतो.

भारतातील स्थिती

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार पैज व जुगार हे विषय राज्यांकडे आहेत. घोड्यांच्या शर्यतींचे स्थान त्यात वेगळे आहे. मुंबई प्रांतात १९१२ च्या कायद्याने शर्यतींच्या मैदानांस परवाने देण्याची व्यवस्था झाली, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, घोड्यांची शर्यत ही प्राधान्याने कौशल्याची बाब आहे, असा निर्णय दिला. इतर खेळांवरील पैजांना अशी मान्यता नाही, आणि २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांना प्रतिबंध करणारा कायदा संमत केला.

न्यायालयाने कौशल्य मान्य केले तरी कर-व्यवस्थेच्या अंकगणितात त्याला फारसा वाव राहत नाही. शर्यतीत जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर आहे, आणि हरलेले पण त्यातून वजा करता येत नाहीत. साडेचार पैसे मिळविणारा तो कुशल मनुष्य भारतातील मैदानावर आला असे समजू. शंभर रुपयांच्या ५०० पैजांत तो २७५ जिंकतो. जिंकलेली निव्वळ रक्कम २४,७५० रुपये. हरलेल्या २२५ पैजांत २२,५०० रुपये जातात. त्याच्या हाती उरतात २,२५० रुपये, आणि ३० टक्के दराने होणारा कर ७,४२५ रुपये. ऑक्टोबर २०२३ पासून पणाच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला, तो सप्टेंबर २०२५ मध्ये ४० टक्के करण्यात आला. तो या हिशेबात अजून धरलेलाच नाही.